ईल-संवर्धनातील खाद्य

ईल-संवर्धनातील खाद्य : अँग्विला ह्या वंशातील ईल माशांची पिल्ले नदीमुखाशी पकडून ती बंदिस्त पाण्यात विक्रीयोग्य आकारापर्यंत वाढविण्याच्या व्यवसायाला ईल-संवर्धन म्हणतात. महाराष्ट्रातील नद्यांत आढळणारा अहीर (अँ. बेंगालेन्सिस) हा मासा ह्याच वंशातील आहे, तथापि संवर्धनाच्या दृष्टीने मुख्यत्वे महत्त्व लाभले ते जपानी ईल (अँ. जपोनिका) आणि यूरोपीय ईल (अँ. अँग्विला) ह्या दोन जातींना. कटला, रोहू, कार्प, ट्राउट इ. माशांची पैदास मनुष्याच्या हाती पूर्वीच आली. ईलाची पैदास मात्र व्यापारी प्रमाणावर अद्याप साधलेली नाही. तळ्यात सोडलेले जवळजवळ प्रत्येक पिल्लू समुद्रातून आलेले असते. संवर्धकाच्या हाती उरते ते त्याला खाऊ घालणे, आणि म्हणून ह्या व्यवसायाचा इतिहास हा बव्हंशी खाद्याचाच इतिहास आहे. तो मुख्यतः जपानमध्ये घडला.

वाढीचे स्वरूप : ईलाचा जन्म खोल समुद्रात होतो. अंड्यातून बाहेर पडलेल्या डिंभाचे लेप्टोसेफॅलस ह्या चपट्या, पानासारख्या व पारदर्शक डिंभात रूपांतर होते. प्रवाहांबरोबर वाहत किनाऱ्याजवळ येईपर्यंत तो सु. ५ ते ६ सेंमी. लांबीचा होतो. तेथे पुन्हा रूपांतरण होऊन त्याचे शरीर गोल व सडपातळ बनते. ह्या अवस्थेत तो काही खात नाही. शरीरात साठविलेल्या जेलीसारख्या द्रव्यावर निर्वाह करतो आणि त्याची लांबी वाढण्याऐवजी किंचित घटते. काचेसारखी पारदर्शक अशी ही पिल्ले नदीमुखाशी येतात, तेव्हा एका किलोग्रॅममध्ये ती पाच ते सहा हजार भरतात. गोड्या पाण्यात शिरल्यावर ती रंग धरतात, खाऊ लागतात आणि कृमी, कीटक, खेकडे, लहान मासे ह्यांवर अनेक वर्षे वाढतात. त्यानंतर खाणे थांबवून प्रौढ ईल प्रजननासाठी पुन्हा समुद्राकडे निघतो. आयुष्याच्या दोन्ही टोकांना समुद्र आणि मध्ये गोडे पाणी, अशा ह्या रचनेत संवर्धनाला सोपा असा केवळ मधलाच टप्पा आहे.

ईलाच्या शरीररचनेवरही आहाराचा परिणाम होतो. यूरोपीय ईलांत रुंद डोक्याचे व निमुळत्या डोक्याचे असे दोन प्रकार मच्छीमारांना पूर्वीपासून माहीत होते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी पारदर्शक पिल्लांच्या एका गटाला कठीण व दुसऱ्या गटाला मऊ खाद्य देऊन वाढविले. कठीण खाद्यावर वाढलेल्या पिल्लांची डोकी अधिक रुंद झाल्याचे त्यांना आढळले (२०१६). म्हणजे जे दोन वेगळे प्रकार वाटत होते, त्यांतील भेदाचा काही भाग तरी भक्ष्यामुळे पडलेला असतो.

आरंभ व रेशमाच्या किड्याचे कोशित : जपानमध्ये बंदिस्त ईल-संवर्धनाची सुरुवात हात्तोरी कुराजिरो ह्या व्यावसायिकाने १८७९ मध्ये टोकिओच्या फुकागावा भागात सु. दोन हेक्टरांच्या तळ्यात केली. पुढे १९०० मध्ये त्याने शिझुओका प्रांतातील हामाना सरोवराच्या काठी माइसाका येथे मोठी तळी बांधली. सौम्य हवामान, नदीमुखाशी मिळणारी पिल्ले, गोड्या पाण्याची मुबलकता आणि टोकिओ व ओसाका ह्या मोठ्या बाजारपेठांना जोडणारा लोहमार्ग ही ह्या स्थानाची बलस्थाने होत. परंतु त्यांइतकेच महत्त्वाचे कारण तेथील परिसरात चालणारा रेशीम-उद्योग हे होते.

कोशांतून रेशमाचा धागा उलगडून घेतल्यावर आत मेलेले कोशित उरते. रेशीम-गिरण्यांच्या दृष्टीने तो कचरा होता, ईल-संवर्धकाला मात्र ते उत्तम खाद्य ठरले. वाळविलेल्या कोशितात निम्म्याहून अधिक प्रथिने व सु. एक चतुर्थांश वा अधिक वसा असते. ते स्वस्त होते, वर्षाचा बराच काळ मिळत असे व वाळवून साठविता येत असे. टोयोहाशीसारख्या रेशीम-नगरांच्या आसपास तळ्यांची गर्दी झाली ती उगाच नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत जपानी ईल हा एका अर्थी तुतीच्या पानांवरच पोसला जात होता. ती पाने किड्याच्या शरीरातून गेलेली असत एवढेच.

ह्या खाद्यात दोष होते. कोशितावर पोसलेल्या ईलाला विशिष्ट वास येई आणि विक्रीपूर्वी काही काळ त्याला मासे खाऊ घालावे लागत. अधिक गंभीर दोष वसेचा होता. वाळविलेल्या कोशितातील वसा हवेत लवकर खवट होते. अशा खवट कोशितावर वाढविलेल्या कार्प माशांची पाठ रोडावून त्यांचे स्नायू झिजत. ‘सेकोके’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या रोगाचे कारण ऑक्सिडीभूत वसा हे असून तो ई जीवनसत्त्वाने टळतो, हे टोकिओ विद्यापीठातील योशिरो हाशिमोतो व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखविले. परंतु तोपर्यंत कोशितांचा काळ संपला होता. १९४१ मध्ये अमेरिकेकडे जाणारे रेशीम थांबले, तुतीची शेते अन्नधान्याखाली आणली गेली आणि कोशितांचा पुरवठा आटला. युद्धकाळात तळ्यांनाही उतरती कळा लागली.

ताजे मासे : युद्धानंतर व्यवसाय पुन्हा उभा राहिला तो समुद्रातील स्वस्त माशांच्या आधारावर. बांगड्यासारखे मासे, सॉरी, सँड लान्स, तारली इ. मासे बंदरांत भरपूर उतरत. ते खाऊ घालण्याची रीत चमत्कारिक वाटली, तरी तिच्यामागे अनुभव होता. माशांच्या डोळ्यांतून तार ओवून त्यांची माळ करीत, ती क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवीत आणि मग तळ्यात लोंबती सोडीत. उकळत्या पाण्याने कातडी सैल होते व ईलाला मांस ओढून काढता येते. ईलाला घास चावून तोडता येत नाही. तुकडा तोंडात घट्ट धरून तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि पीळ देऊन लचका तोडतो. काही वेळाने तारेवर माशांचे केवळ सांगाडे उरत. ते ओढून काढले की, त्या दिवसाचे खाणे संपले.

ही पद्धत खर्चिक होती. एक किग्रॅ. ईल तयार करण्यास सहा-सात किग्रॅ. मासे लागत. उरलेले कण व तेल पाण्यात मिसळून ते नासे. उघड्या तळ्यांचे पाणी सूक्ष्म शैवलांमुळे हिरवे असते व दिवसा ते ऑक्सिजन पुरवते. खाद्याचे अवशेष वाढले की, शैवले एकाएकी मरत, पाण्याचा रंग पालटे आणि पहाटेपर्यंत ईल पृष्ठभागावर तोंड काढून तडफडू लागत. अनुभवी संवर्धक खाद्याचे प्रमाण ईलाच्या भुकेवरून ठरविण्याऐवजी पाण्याच्या रंगावरून ठरवीत असे. ह्या पारंपरिक ज्ञानाला नंतरच्या संशोधकांनी पुरेसा मान दिला असे वाटत नाही.

कच्च्या माशांचा दुसरा दोष सहज दिसणारा नव्हता. काही माशांच्या व शिंपल्यांच्या ऊतकांत थायामिनेज हे एंझाइम असते आणि ते ब१ जीवनसत्त्वाचा (थायामिनाचा) नाश करते. केवळ अशा खाद्यावर ठेवलेल्या ईलांची भूक मंदावते, तोल जातो, शरीर वाकडे होते व परांवर रक्ताळलेले डाग दिसतात. पोट भरलेले असूनही प्राणी कुपोषित राहू शकतो, हे बेरीबेरीच्या इतिहासामुळे जपानला मनुष्याच्या बाबतीत चांगले परिचित होते. तळ्यातील ईलाने त्याचीच पुनरावृत्ती केली.

संमिश्र खाद्य : १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास ईलासाठी तयार केलेले संमिश्र खाद्य बाजारात आले व अल्पावधीतच त्याने ताज्या माशांची जागा घेतली. ह्यात सु. दोन तृतीयांश भाग मत्स्यचूर्णाचा, मुख्यतः उत्तर पॅसिफिकमधील पोलॉक ह्या पांढऱ्या मांसाच्या माशाच्या चूर्णाचा असतो. सु. एक चतुर्थांश भाग बटाट्याच्या स्टार्चचा असून उरलेल्यात जीवनसत्त्वे, खनिजे, यीस्ट इ. घटक असतात. स्टार्च आधी शिजवून वाळविलेला असतो. पीठ वापराच्या वेळी पाणी व माशांचे तेल घालून मळले की, त्याचा कणकेसारखा चिवट उंडा बनतो. हा उंडा सच्छिद्र टोपलीत ठेवून पाण्यात सोडतात. तो विरघळत नाही, आणि ईलाला त्यातून पीळ देऊन लचका तोडता येतो. स्टार्चचे येथील काम पोषणाइतकेच बंधनाचे आहे. ईलाच्या खाण्याच्या रीतीशी खाद्याचा पोत जुळविणे, ही ह्या संशोधनातील खरी युक्ती होय. एक किग्रॅ. ईल तयार करण्यास आता सु. दीड किग्रॅ. कोरडे खाद्य पुरू लागले. ईल अंधारात वावरणारा असल्याने तळ्याच्या कडेला छप्पर घालून खाद्यस्थान अंधारे ठेवीत आणि सकाळी ठराविक वेळी तेथेच खाऊ घालीत.

खाद्यनिर्मितीमागोमाग मूलभूत संशोधन झाले. शिगेरू आराई, ताकेशी नोसे आणि हाशिमोतो ह्यांनी शुद्ध केसीन, ॲमिनो अम्ले, स्टार्च व जीवनसत्त्वे ह्यांपासून ईलासाठी प्रायोगिक आहार बनविला (१९७१). त्यातून एकेक घटक वगळून त्यांनी जपानी व यूरोपीय अशा दोन्ही ईलांना दहा ॲमिनो अम्ले आवश्यक असल्याचे सिद्ध केले (१९७२). जलविद्राव्य जीवनसत्त्वांपैकी कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावी कोणती लक्षणे दिसतात, हेही त्यांनी नोंदले. नोसे व आराई ह्यांच्या प्रयोगांत शुद्ध आहारात सु. ४४·५ टक्के प्रथिने असताना वाढ सर्वांत चांगली झाली. हे प्रमाण कार्प माशाच्या गरजेपेक्षा जास्त असून ईलाच्या मांसाहारी प्रकृतीशी सुसंगत आहे.

वसाम्लांच्या बाबतीत अनपेक्षित उत्तर मिळाले. ट्राउटला मुख्यतः लिनोलेनिक गटातील वसाम्ले लागतात. ईलाला मात्र लिनोलेइक व लिनोलेनिक ही दोन्ही, प्रत्येकी सु. ०·५ टक्का, आवश्यक असतात असे तोशिओ ताकेउची व त्यांचे सहकारी ह्यांना आढळले (१९८०). गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत जगणाऱ्या माशाची ही गरज त्याच्या जीवनक्रमाला शोभणारी आहे. खाद्यात घातलेल्या तेलामुळे प्रथिनांची ऊर्जेसाठी होणारी नासाडी टळते व मांसाला स्निग्धता येते. कोळशावर भाजलेल्या काबायाकी ह्या पदार्थाची चव ह्या स्निग्धतेवर अवलंबून असल्याने बाजारालाही ते मानवले. मात्र तेल खवट असल्यास सेकोकेच्या अनुभवातील धडा येथेही लागू पडतो.

उष्ण तळी व लहान पिल्ले : १९६९–७० च्या हिवाळ्यात जपानमधील उघड्या तळ्यांत क्लोम व वृक्क ह्यांच्या रोगाची साथ येऊन ईल फार मोठ्या प्रमाणात दगावले. रोगट माशांच्या रक्तातील क्लोराइड घटलेले आढळल्याने तळ्यांत मीठ टाकण्याचा उपाय करण्यात आला. कारणांविषयी बराच वाद झाला. एक गोष्ट मात्र सर्वांच्या ध्यानात आली, ती ही की, हिवाळ्यात थंडीमुळे ईल महिनोन्‌महिने उपाशी राहतो. तळ्यांवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून बाष्पित्राने पाणी २८° से. च्या आसपास ठेवण्याची पद्धत त्यानंतर वेगाने पसरली. १९७३ च्या तेलसंकटानेही ती मागे हटली नाही, कारण तिचा लाभ तसाच मोठा होता. उघड्या तळ्यात विक्रीयोग्य होण्यास दीड-दोन वर्षे लागत. उष्ण तळ्यात जानेवारीत सोडलेल्या पिल्लांपैकी जलद वाढणारी त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत १५० ते २०० ग्रॅ. वजनाची होऊ लागली. जपानमध्ये भर उन्हाळ्यात ईल खाण्याचा जो खास दिवस असतो, त्यासाठी हा माल नेमका वेळेवर तयार होतो.

ह्या साऱ्याचा पाया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घातला जातो. नुकतीच पकडलेली पिल्ले पीठ ओळखत नाहीत. त्यांना प्रथम ट्यूबिफेक्स हे गाळातील बारीक लाल कृमी देतात, मग कृमींच्या लगद्यात थोडे थोडे पीठ मिसळीत जातात आणि शेवटी केवळ पिठाचा लगदा देतात. यूरोपात हेच काम कॉड माशाच्या गाबोळीने केले जाते. ह्या काळात जी पिल्ले खाद्याकडे वळत नाहीत ती मागे पडतात, आणि मागे पडलेले पिल्लू मोठ्या पिल्लांच्या गर्दीत खाद्यापर्यंत पोहोचतच नाही. जपानी संवर्धक पुढे पळणाऱ्यांना ‘तोबी’ व खुरटलेल्यांना ‘बिरी’ म्हणतात. एकाच दिवशी पकडलेल्या, एकाच हौदात ठेवलेल्या पिल्लांत काही महिन्यांत कित्येक पटींचे अंतर पडते. म्हणून ठराविक काळाने हौद उपसून आकारानुसार प्रतवारी करावी लागते. बिरी वेगळी काढल्यावर त्यांपैकी पुष्कळ पुन्हा वाढू लागतात. म्हणजे त्यांचे खुरटणे जन्मजात नसून उपासमारीचे होते.

लिंगनिश्चिती : ईलाचे लिंग जन्मतः ठरलेले दिसत नाही, वाढीच्या काळातील परिस्थितीचा त्यावर परिणाम होतो. दाट वस्तीच्या उष्ण तळ्यांत वाढलेल्या ईलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नर निघतात. नर लहान राहतो व आकार वाढल्यावर त्याचे मांस कठीण होते. प्रयोगशाळेत प्रजननासाठी माद्या मिळविताना पिल्लांच्या खाद्यात एस्ट्रॅडिओल हे स्त्री-हॉर्मोन मिसळतात. खाण्याच्या माशांत हे अर्थातच करता येत नाही. अलीकडे आयची प्रांतातील मत्स्यसंशोधकांनी सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होने पिल्लांच्या खाद्यात घालून बहुसंख्य माद्या मिळविल्या. अशा माद्या नरांच्या सु. दुप्पट वजनापर्यंत वाढवूनही मांस मऊ राहते. पिल्ले दुर्मिळ झालेल्या काळात एका पिल्लापासून दुप्पट मांस मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

पिल्लांचा तुटवडा : संमिश्र खाद्य व उष्ण तळी ह्यांमुळे वाढीचा प्रश्न सुटला आणि मागणी वाढली. तैवान व १९९० नंतर चीन हे देश ह्या व्यवसायात उतरले. चीनमधील तळ्यांसाठी यूरोपीय पिल्लेही विमानाने जाऊ लागली. दरम्यान किनाऱ्यावर येणाऱ्या पिल्लांची संख्या घटत गेली. यूरोपीय ईलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००९ पासून निर्बंध आले, आणि निसर्गसंवर्धनविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत जपानी ईलाची नोंद २०१४ मध्ये संकटग्रस्त जाती म्हणून झाली. धरणे, नद्यांचे बांधलेले काठ, सागरी प्रवाहांतील बदल ही त्याची इतर कारणे असली, तरी अतिरिक्त मासेमारीचा वाटा नाकारता येत नाही. चांगल्या खाद्याने मासा लवकर वाढतो, पण माशांची संख्या वाढत नाही.

डिंभांचे खाद्य : होक्काइडो विद्यापीठातील कीइचिरो यामामोतो व कोहेई यामाउची ह्यांनी १९७३ मध्ये सॅमन माशाच्या पोष ग्रंथीचा अर्क टोचून माद्या पक्व केल्या व जपानी ईलाचे डिंभ प्रथमच प्रयोगशाळेत मिळविले. पुढील प्रयोगांत ते सु. दोन आठवडे जगले. अंड्यातील पीतक सु. आठवड्याभरात संपते आणि त्यानंतर डिंभ काय खातो, हे कोणासही माहीत नव्हते. इतर माशांच्या डिंभांना चालणारे रोटिफर, आर्टेमिया इ. सूक्ष्मजीव देऊन पाहिले. ईलाचे डिंभ त्यांवर वाढेनात. त्यांचे पुढे आलेले सुळ्यांसारखे दात पाहून ते शिकारी असावेत असे वाटे, पण त्यांच्या पोटात भक्ष्य सापडत नसे. ह्या कोड्यात वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

१९९० नंतरच्या दशकात जपानच्या राष्ट्रीय मत्स्यसंवर्धन संशोधन संस्थेतील हिदेकी तानाका व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, काटेरी डॉगफिश ह्या लहान शार्कच्या अंड्यांचा पातळ लगदा डिंभ खातात व त्यावर वाढतात. त्यात क्रिलचा अर्क, सोयाबीनची पेप्टाइडे व जीवनसत्त्वे घालून आहार सुधारण्यात आला आणि २००२ मध्ये बंदिस्त अवस्थेत वाढलेले पहिले पारदर्शक पिल्लू मिळाले. अशा पिल्लांपासून पुढची पिढी जन्मून २०१० मध्ये ईलाचे जीवनचक्र प्रयोगशाळेत प्रथमच पूर्ण झाले. नैसर्गिक आहाराचा उलगडा दुसऱ्या बाजूने झाला. कात्सुमी त्सुकामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेअरिआना बेटांच्या पश्चिमेस जपानी ईलाचे प्रजननक्षेत्र शोधून काढले (१९९१) व तेथे २००९ मध्ये अंडीही मिळविली. त्या भागातील डिंभांच्या शरीरातील नायट्रोजनाच्या समस्थानिकांचे विश्लेषण केल्यावर, समुद्रात वरून खाली झिरपणारे सेंद्रिय कण, म्हणजे ‘सागरी हिम’, हे त्यांचे मुख्य खाद्य असल्याचा निष्कर्ष निघाला (२०१३). संशोधकांच्या लगद्याचे साम्य शिकारीशी नसून ह्या मऊ, विस्कळित द्रव्याशी होते.

तथापि हा आहार अपुरा आहे. निसर्गात डिंभाला रूपांतरणापर्यंत चार ते सहा महिने लागतात; हौदात त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि मधल्या काळात बहुतेक डिंभ मरतात. डॉगफिश हा मासाही अनेक समुद्रांत घटलेला असल्याने एका संकटग्रस्त प्राण्यासाठी दुसऱ्याची अंडी वेचणे पुढे चालू शकणार नव्हते; म्हणून कोंबडीच्या अंड्यांचा बलक व दुधातील प्रथिने ह्यांवर आधारलेले पर्यायी आहार बनविण्यात आले. एक पिल्लू तयार करण्याचा खर्च २०१६ च्या सुमारास सु. ४०,००० येन होता. तो २०२३ च्या सुमारास सु. १,८०० येनपर्यंत उतरला. तरीही समुद्रातून पकडलेल्या पिल्लाच्या नेहमीच्या किंमतीच्या तो कित्येक पट आहे. ह्या खर्चात मजुरीचा भाग मोठा आहे. डिंभ पाण्यात तरंगणाऱ्या खाद्याचा पाठलाग करीत नाही. त्यामुळे लगदा हौदाच्या तळाशी पसरावा लागतो आणि प्रकाश दाखवून डिंभांना खाली उतरवावे लागते. हे दर दोन तासांनी, दिवसातून पाच वेळा करावे लागते, आणि प्रत्येक वेळी उरलेला लगदा सडण्यापूर्वी धुऊन काढावा लागतो.